देवाने मगर का केली

आमच्या बडोद्यात निसर्गात देव बघायचा म्हटलं की आधी मगरीचं काय करायचं ते ठरवावं लागतं. बाकीच्या गावांना ही भानगड नाही. तिथे डोंगर असतो, मोर असतो, फार तर समुद्र असतो आणि माणूस हात जोडून मोकळा होतो. आमच्या गावाच्या मधोमध विश्वामित्री वाहते आणि तिच्यात चारशेच्या वर मगरी राहतात, आणि अभयारण्यात वगैरे नाही हं, भर शहरात, जिथे गटारं येऊन मिळतात, जिथे १८७९ सालची कमाटीबाग आहे, जिथे युनिव्हर्सिटीची पोरं पुलावरून ये-जा करतात. काळा घोडा म्हणतात त्या पुतळ्याजवळच्या पुलावर स्कूटर कडेला लावून लोक खाली वाकून बघत असतात. थंडीच्या दिवसांत चिखलावर तोंड उघडं टाकून उन्हात पडलेली एखादी दिसतेच, आणि कुणीतरी शेंगदाणे खात म्हणतं, "बहु मोटो छे आ तो." बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही लक्ष्मी विलास पॅलेस दाखवतो, लीलो चिवडो बांधून देतो आणि जाता जाता मगर दाखवतो.

हे सगळं लिहावंसं वाटलं ते गीतेच्या दहाव्या अध्यायामुळे. डांडिया बाजारात आमचं एक बायकांचं मंडळ आहे, श्लोक म्हणायचे, कुणीतरी अर्थ सांगायचा, मग कॉफी आणि घरच्या गप्पा. दहावा अध्याय, विभूतियोग, सगळ्यांचा लाडका. कारण यादीच अशी देखणी आहे, झाडांत मी पिंपळ, महिन्यांत मार्गशीर्ष, ऋतूंत वसंत, स्थिर गोष्टींत हिमालय. सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर सूर्योदयाच्या फोटोखाली टाकायला अगदी बरा. एकतिसाव्या श्लोकात मात्र भगवंत म्हणतात "झषाणां मकरश्चास्मि", जलचरांत मी मकर. वाचणाऱ्या ताईंनी ते झरकन म्हटलं आणि थेट गंगेत उडी मारली, कारण त्याच ओळीत पुढे "स्रोतसामस्मि जाह्नवी" आहे आणि गंगेवर काय, अर्धा तास सहज बोलता येतं, भगीरथ आहे, शंकराच्या जटा आहेत, कुणाची तरी काशीयात्रा असतेच. मकरावर कोण बोलणार? मकर म्हणजे मगर की मासा की कल्पनेतला प्राणी हा पंडितांचा वाद पंडितांकडेच राहू दे. ज्याच्या पाठीवर गंगा उभी असते तो प्राणी देवळाच्या चौकटीवर बघितला, त्याचा जबडा बघितला, की बडोद्याच्या माणसाला कामापुरतं कळतं.

आणि आम्ही बसलो होतो कुठे, तर त्या नदीपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. २०२४ चा पूर तेव्हा अगदी ताजा होता.

त्या पुराबद्दल बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. ऑगस्टच्या शेवटी पाऊस लागला तो थांबेचना, वर आजव्याचं सरोवर भरलेलं, विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांची आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. अर्धं शहर पाण्यात. तळमजल्यांवर गळ्याएवढं पाणी, गाड्या तरंगतायत, लाइट नाही, दूध नाही. आणि त्या पाण्यात मगरी. तीन दिवसांत वस्त्यांमधून फॉरेस्टवाल्यांनी आणि प्राणीमित्र मंडळींनी दोन डझन मगरी पकडल्या, छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तर देशभर फिरला. आमच्या सोसायटीत पाणी ओसरल्यावर पार्किंगमध्ये एक मिळाली, फार मोठी नव्हती, एका बंद पडलेल्या ॲक्टिव्हामागे गप्प पडून होती. मला अजून आठवतं ते तिचं गप्प असणं. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून आरडाओरडा करत होतो, व्हिडिओ काढत होतो, आणि ती हलतसुद्धा नव्हती. समोरच्या बेन वरच्या पायरीवरून हात जोडून उभ्या, "ए तो माताजीनुं वाहन छे." खोडियार माता मगरीवर बसते, आणि गुजरातेत हे नुसतं कॅलेंडरवरचं चित्र नाहीये. इथून फार लांब नाही, आणंद जिल्ह्यात मलातज म्हणून गाव आहे, तिथल्या तळ्याकाठी खोडियारचं देऊळ आहे आणि तळ्यात मगरी, आणि गावातले लोक त्याच तळ्यावर येतात जातात. मी नमस्कार केला नाही. भीती वाटत होती आणि थोडा रागही होता, म्हटलं घर बुडालं ते बुडालं, वर ही.

पूर ओसरल्यावर दुसरा पूर आला, कारणांचा. नदीकाठची बांधकामं, बुजवलेले ओढे आणि कांस म्हणजे पावसाळी नाले, आजव्याचे दरवाजे, हे सगळं पेपरात येत होतंच, ते योग्यच होतं. पण त्याच्या जोडीने एक वेगळाच सूर सुरू झाला, की हा प्रकोप आहे, लोक देवधर्म विसरले, अमुक लोक तमुक खातात, त्याची ही शिक्षा. आमच्या ग्रुपवर एका काकांनी लांबलचक मेसेज टाकला. मला तो वाचून ईयोब आठवला.

ईयोब म्हणजे बायबलच्या जुन्या करारातला. मी ज्या शाळेत शिकवायचे तिथल्या एक ख्रिस्ती सहकारी होत्या, त्यांनी एकदा सुट्टीत वाचायला दिलं होतं, म्हणाल्या बाकी काही वाचू नका, एवढंच वाचा. गोष्ट साधी आणि भयंकर. एक सज्जन माणूस, त्याचं सगळं जातं, गुरंढोरं जातात, मुलं मरतात, अंगभर फोड येतात, तो राखेत बसून खापरीने अंग खाजवतो. मित्र भेटायला येतात, आधी गप्प बसतात ते बरं असतं, मग बोलायला लागतात आणि त्यांच्या बोलण्याचा सार एकच, की तू काहीतरी पाप केलं असशील बाबा, उगाच कुणाला असं होत नाही. आमच्या काकांचा मेसेज अगदी हाच. ईयोब मात्र ऐकत नाही, तो म्हणतो मला देवाशीच बोलायचंय, हिशेब मागायचाय.

आणि देव येतो, वादळातून बोलतो. आता माणसाला काय वाटेल, देव म्हणेल बाळा तुझी परीक्षा होती, किंवा म्हणेल मागच्या जन्मी वगैरे. देव यातलं काही म्हणत नाही. तो प्रश्न विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? जिथे माणूसच नाही अशा रानात पाऊस कोण पाडतो? इथे मी थांबले होते. माणूस नसलेल्या जागी पाऊस! आपल्या सगळ्या प्रार्थना पिकासाठी, विहिरीसाठी, आणि हा देव सांगतोय की मी कुणाच्याच उपयोगाचा नसलेला पाऊसही पाडतो. पुढे तो प्राणी दाखवत जातो. भुकेली सिंहीण, कावळ्याची पिल्लं, कड्यावर विणारी रानबकरी, कुणाचं ऐकत नाही असं रानगाढव. एकही पाळीव नाही, लढाईतला घोडा सोडला तर, आणि तोही असा रंगवलाय की मालकापेक्षा रणाचाच जास्त. आणि सगळ्यात शेवटी, एक अख्खा अध्याय भरून, लिव्याथान. काही जण म्हणतात हा पुराणातला सागरी राक्षस, पुष्कळ अभ्यासक म्हणतात मगरच. एकमेकांत घट्ट बसलेली खवल्यांची ढाल, दातांभोवती दहशत, पोटाखाली खापऱ्यांसारखी धार ज्याचे चिखलात ओरखडे उठतात. चिखलातले ते ओरखडे मी कमाटीबागेच्या मागे बघितलेत. देव विचारतो, याला गळाने ओढशील? पाखरासारखा बांधून तुझ्या पोरींना खेळायला देशील? हा तुझ्याशी करार करेल का, जन्मभर चाकर राहीन म्हणून?

ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण शेवटपर्यंत सांगितलं जात नाही. त्याऐवजी मगर दाखवली जाते, आणि गंमत म्हणजे तो शांत होतो. मला पहिल्यांदा वाचताना हे उत्तर टाळणं वाटलं होतं, सरकारी ऑफिसात विचारावं एक आणि कळावं भलतंच तसं. आता वाटतं की राखेत बसलेल्या माणसाला "हे तुझ्यामुळे झालं" म्हणणाऱ्या मित्रांपेक्षा "जग तुझ्याभोवती फिरत नाही" म्हणणारा देव जास्त दयाळू आहे. शिक्षा व्हायला सुद्धा आपण केंद्रात असावं लागतं ना.

आता कुणी म्हणेल बायबलमध्ये तर उलटंच आहे, पहिल्याच अध्यायात देव माणसाला सांगतो की मासे, पाखरं, सगळ्या प्राण्यांवर सत्ता चालव. आहे तसं. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या इतिहासकाराने 'सायन्स' मासिकात लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचं खापर बरंचसं या विचारावर फोडलं होतं आणि त्यावर अजून भांडणं चालू आहेत. पण तो अध्याय सबंध वाचला की मजा दिसते. समुद्रातले मोठमोठे जलचर पाचव्या दिवशी झाले, देवाने बघितलं, बरं वाटलं, आणि त्याने त्यांना आशीर्वाद दिला, फळा, वाढा, पाणी भरून टाका. माणूस सहाव्या दिवशी. म्हणजे अंडी घालायचा आशीर्वाद मगरीच्या पदरात आमच्या आधी पडलाय. शिवाय सत्ता दिल्यावर लगेच पुढच्या ओळीत जेवणाचा बेत सांगितलाय, तो शुद्ध शाकाहारी, धान्य आणि फळं. राज्य चालव पण प्रजेला खाऊ नकोस असं काहीतरी. मांस खायची परवानगी येते ती थेट नोहाच्या पुरानंतर, आणि त्याच पुरानंतर देव जो करार करतो तो नुसत्या नोहाशी नाही, तारवातून उतरलेल्या सगळ्या जिवांशी करतो. पूर आणि करार, हे दोन शब्द लक्षात ठेवा, सोसायटीच्या मीटिंगचं पुढे सांगणारे. कुराणातही सहाव्या सुऱ्यात आहे की जमिनीवरचे प्राणी आणि पंखांनी उडणारी पाखरं ही तुमच्यासारखेच समाज आहेत. समाज! आमच्या मगरींची शिरगणती होते तेव्हा मला हे वाक्य आठवतं.

आपल्याकडे वळू या. आपला मगरीचा मोठा प्रसंग म्हणजे गजेंद्रमोक्ष, भागवताचा आठवा स्कंध. लहानपणी आजीकडून ऐकलेली गोष्ट अशी की बिचारा हत्ती पाणी प्यायला गेला, दुष्ट मगरीने पाय धरला, हत्तीने कमळ वर करून हाक मारली, विष्णू धावत आले, चक्र सोडलं, संपलं. नीट वाचलं तर बिचारा वगैरे काही नाही. हा गजेंद्र आपला सगळा कळप घेऊन, हत्तिणी, पिल्लं, मदाने झिंगलेला, वाटेतली झाडं मोडत त्या सरोवरात घुसतो, पाणी पितो, सोंडेने उडवतो, अंघोळी घालतो, पाणी ढवळून काढतो, आणि तिथे आधीच कुणी राहतंय हे त्याच्या गावीही नसतं. मग ओढाओढी सुरू होते, हजार वर्षं, हत्ती थकत जातो आणि नक्राचा जोर वाढतच जातो, कारण पाणी हे त्याचं घर. मी हे पुरानंतर परत वाचलं तेव्हा मला हत्तीच्या जागी आमची सोसायटी दिसायला लागली, नदीच्या पूरक्षेत्रात स्विमिंग पूल आणि क्लब हाउस बांधणारे आम्ही.

पण खरी गोष्ट तर पुढे आहे. गजेंद्राची ती स्तुती आहे ना, मागच्या जन्मी शिकलेली, तिच्यात तो मगरीपासून वाचव असं म्हणत बसत नाही, म्हणतो या हत्तीच्या जन्मात जगून तरी काय करू, आतबाहेर अज्ञानाने झाकलेला आहे, तो पडदा दूर कर. आणि विष्णू येऊन दोघांना एकत्रच पाण्याबाहेर ओढतात. चक्राने नक्राचं तोंड चिरतात हे खरं, पण चौथा अध्याय सुरू होतो तो नक्रापासून. तो हूहू नावाचा गंधर्व होता, देवल ऋषींच्या शापाने मगर झालेला, तो आधी सुटतो, देवाला प्रदक्षिणा घालून आपल्या लोकी जातो, आणि मग गजेंद्राची पाळी. आजीच्या गोष्टीत हा भाग नव्हता. कीर्तनातही मी फारसा ऐकला नाही. आम्हाला धरलेला पाय सुटण्यात रस, धरणाऱ्याचं काय झालं ते कोण विचारतो. भागवताने विचारलंय. देव हत्तीच्या बाजूने आला असं आपण म्हणतो पण तो दोघांसाठी आला होता असंच तिथे लिहिलंय की.

आपल्या संतांच्या गोष्टींत प्राणी खूप आहेत. नामदेवांचं कुत्रं भाकरी घेऊन पळालं तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, नाथांनी तहानलेल्या गाढवाला रामेश्वराची कावड पाजली. या गोष्टी माझ्या जिवाच्या आहेत पण बघा, कुत्रं भुकेलं आहे, गाढव तहानलेलं आहे, आपण देणारे आहोत. मगर आपल्याकडे काही मागत नाही. तिला आपल्या करुणेची गरज नाही आणि संधी मिळाली तर ती आपल्यालाच खाईल, विश्वामित्रीच्या आणि आसपासच्या नद्यांच्या काठी माणसं गेलीत, हे लपवून सहजीवनाचं गोड काही लिहिणं मला जमणार नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना जाऊन झषाणां मकरश्चास्मि ऐकवायची माझी हिंमत नाही.

मग त्या श्लोकाचं करायचं काय? मला वाटतं ती यादी आपण चुकीच्या चालीत म्हणतो. तिच्यात पिंपळ आहे तसाच, थोडं पुढे, सर्व काही हिरावून नेणारा मृत्यूही मीच असं आहे, कपट करणाऱ्यांतला जुगारही मीच असं आहे. आणि अर्जुनाला एवढी यादी पुरत नाही, तो म्हणतो मला प्रत्यक्ष दाखव, आणि अकराव्या अध्यायात जे दिसतं ते काय आहे? तोंडं. विक्राळ दाढांची भयानक तोंडं, त्यांच्यात धावत शिरणारी माणसं, काही दातांच्या फटीत अडकलेली. दहाव्यात मकर एका शब्दात उरकला होता, अकराव्यात तो जबडा उघडतो. अर्जुन घाबरतो आणि म्हणतो पुरे, पुन्हा ते आधीचं रूप घे. आमचं मंडळही बहुधा तेच म्हणत असतं, फक्त बघायच्या आधीच.

तैत्तिरीय उपनिषदाच्या शेवटी एक माणूस आनंदाने गात सुटतो, मी अन्न आहे, मी अन्न आहे, मी अन्न आहे, आणि मग, मी अन्न खाणारा आहे. दोन्ही. आपण वदनी कवळ घेताना यातलं दुसरंच म्हणतो. पहिलं म्हणायची वेळ फार थोड्यांवर येते. व्हॅल प्लमवुड नावाची ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ होती, माणूस आणि निसर्ग हाच तिचा अभ्यासाचा विषय. १९८५ च्या फेब्रुवारीत ती काकाडू अभयारण्यात एकटी होडीतून जात असताना खाऱ्या पाण्यातल्या मगरीने तिला धरलं, पाण्यात तीनदा गरागरा फिरवलं, आणि ती कशीबशी सुटून, फाटलेल्या मांडीने सरपटत, वाचली. नंतर त्या मगरीला मारायची गोष्ट निघाली तेव्हा तिने विरोध केला. आणि तिने जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की त्या क्षणापर्यंत मी जगाकडे आतून, माझ्या खिडकीतून बघत होते, तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी कुणासाठी तरी मांसही आहे. ती काही उपनिषद गात नव्हती. पण उपनिषदातलं ते गाणं मला आधी आध्यात्मिक वाटायचं, तिचं वाचल्यावर ते अंगाला लागलं.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मगरीण उन्हाळ्याच्या सुमाराला काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी पुरते. पिल्लू नर होणार की मादी हे तिच्या किंवा बापाच्या रक्तात ठरलेलं नसतं, मातीच्या उबेवर ठरतं, साडेबत्तीस अंशांच्या आसपास नर, त्याहून थंडीत माद्या. म्हणजे नदीकाठाची माती, तिच्यावरची सावली, तिथलं झाडझुडूप, हेच ठरवतं पुढे कोण जन्मणार. दोनेक महिने ती आसपास राखण करते. पावसाच्या तोंडावर अंड्यातून चिवचिव येते, खरंच, बाहेर यायच्या आधी आतून आवाज देतात, आणि ती माती उकरते, आणि मग ज्या जबड्याने ती रेड्याचं हाड मोडू शकते त्याच जबड्यात पिल्लं उचलून पाण्याशी नेते. दातांच्या फटींतून पिल्लं बाहेर डोकावत असतात. अकरावा अध्याय म्हणताना आता मला एकाच वेळी दोन्ही दिसतं आणि त्यातलं एक पुसून टाकता येत नाही. पसायदानात ज्ञानोबा "भूतां परस्परें जडो, मैत्र जीवांचें" म्हणतात तेव्हा मगरीला वगळलेलं नाही, पण मैत्र म्हणजे गळ्यात गळे असंही ते कुठे म्हणत नाहीत. दुरून राखलेलं मैत्रही असतं. आमच्या एका जाऊबाईंशी माझं तसंच आहे, असो.

बरं, या नदीचं नाव विश्वामित्राचं, ती पावागढच्या डोंगरात उगम पावते आणि तिथे त्याने तप केलं अशी इथली समजूत. रामायणाच्या बालकांडात त्याची त्रिशंकूची गोष्ट येते. सदेह स्वर्गात जायचा त्रिशंकूचा हट्ट, इंद्राने खाली लोटला, तर या रागीट ऋषीने दक्षिणेला नवे सप्तर्षी केले, नवी नक्षत्रं केली, आता दुसरा इंद्रच करतो म्हणाला. प्रतिसृष्टी. देव घाबरून विनवण्या करायला आले तेव्हा कुठे थांबला, आणि त्रिशंकू तसाच उलटा लटकत राहिला. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती, सात खंड, १९६० ते १९७५ या काळात आमच्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून प्रसिद्ध झाली, नदीपासून हाकेच्या अंतरावर. देशभरची हस्तलिखितं गोळा करून पंडितांनी ओळ न ओळ पारखली. त्या वेळी त्यांच्यापैकी कुणी संध्याकाळी पुलावर मगरी बघायला थांबत असेल का, असं मला उगाचच वाटत राहतं.

प्रतिसृष्टीची हौस आम्हालाही आहे. नदीला सिमेंटचे काठ, कारंजी, बसायला बाक, अशी चित्रं कित्येक वर्षं छापून येतात. २०२४ च्या पुरानंतर पुढच्या उन्हाळ्यात नदी खोल आणि रुंद करायचं मोठं काम निघालं, मशिनं उतरली, आणि तो नेमका अंडी घालायचा हंगाम. ते काम नकोच असं मी म्हणणार नाही, ज्याच्या घरात गळ्याएवढं पाणी आलंय तो असं म्हणूच शकत नाही. पण काठाची माती म्हणजे कुणाचं तरी बाळंतपणाचं घर आहे हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं? ईशोपनिषदाची पहिलीच ओळ आहे, हे सगळं ईशाने व्यापलेलं आहे, टाकून भोग, कुणाच्या धनाचा लोभ धरू नकोस. लोभ धरू नको म्हणजे शेजाऱ्याच्या प्लॉटचा एवढाच अर्थ आम्ही घेतला. माणसाने या प्राण्याला एकदा जवळजवळ संपवलंच होतं, कातडीसाठी. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९७५ मध्ये मगरींसाठी सरकारी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा कुठे त्या सावरल्या. आमच्या नदीत त्या टिकल्या ते मात्र कायद्याबरोबरच इथल्या लोकांच्या त्या खोडियारवाल्या नमस्कारामुळे, असं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

तर सोसायटीची मीटिंग. पुरानंतर महिन्याभराने भरली, ओटल्यावर खुर्च्या टाकून. प्रमुख, मंत्री म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी, आणि नेहमीचे चेहरे. विषय दोन. एक, मागच्या नाल्याच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवणे. दोन, मगरी इथून उचलून दुसरीकडे कुठेतरी सोडाव्यात असा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करणे. पहिल्यावर खर्चावरून अर्धा तास भांडण झालं आणि मंजूर झालं. दुसऱ्यावर प्रकोपवाले काका उठून बोलले, पोरंबाळं आहेत, आज पार्किंगमध्ये होती, उद्या घरात येईल. मुद्दा चुकीचा नव्हता. मग एका तरुण पोराने विचारलं, काका दुसरीकडे म्हणजे कुठे, तिथे पण कुणीतरी राहतंच असेल ना. समोरच्या बेन म्हणाल्या मी सही करणार नाही, माताजी रागावतील. मी म्हटलं की जाळी आपल्या बाजूला लावू, नाल्यात कचरा आणि उरलंसुरलं मटण टाकणं बंद करू, पावसाळ्यात पोरांना काठावर सोडायचं नाही, एवढं आपल्याकडून होतंय का ते आधी बघू, तिच्याशी करार तर होणार नाहीच, ती काही मीटिंगला येत नाही. लोक हसले. काका हसले नाहीत. तेवढ्यात कुणाला तरी फोन आला, कुणाला क्लासवरून पोराला आणायचं होतं, चौघं उठून गेले आणि मंत्र्यांनी मोजून सांगितलं की कोरम राहिलेला नाही. रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय, गुजरातीत, जाळी मंजूर, अर्जाचा विषय पुढच्या सभेत. ती सभा अजून व्हायचीय.